आधी पाणी जातं, मग बळ

जून 1970 मध्ये सोयूझ-9 यान 18 दिवसांची फेरी संपवून परतलं. माणूस इतके दिवस अंतराळात राहण्याची ती पहिलीच वेळ. आंद्रियान निकोलायेव आणि व्हिताली सेवास्त्यानोव सुखरूप होते, पण पायांवर उभं राहणं दोघांनाही जमेना. त्यांना उचलून न्यावं लागलं.

त्या काळी परतलेल्या अंतराळवीरांना सपाट पलंगावर झोपल्यावर आपण पायांच्या दिशेनं घसरतोय असं वाटे. पायथा उंच केला की बरं वाटे. यातूनच डोकं 6 अंश खाली ठेवून माणसाला निजवण्याची पद्धत पुढे आली असं सांगतात. आज जमिनीवर वजनरहित अवस्थेची नक्कल करायची ती मुख्यतः अशा कलत्या पलंगावर. जर्मनीत कोलोनला धडधाकट माणसं 60 दिवस अशी पडून राहतात. जेवण, अंघोळ, शौच सगळं आडवंच. एक खांदा कायम गादीला टेकलेला हवा. लघवीचा थेंबन् थेंब मोजला जातो. मॉस्कोची रीत वेगळी: कोमट पाण्याच्या टाकीवर जलरोधक कापड सैल अंथरतात आणि माणूस त्यात कोरडाच तरंगतो. तिथे पायांच्या स्नायूंचा ताण काही तासांतच उतरतो.

लघवी मोजण्याला कारण आहे. पायांतलं रक्त छातीकडे सरकलं की शरीराला पाणी जास्त झाल्यासारखं वाटतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. प्रत्यक्ष अंतराळात लघवी फारशी वाढत नाही. तिथे माणूस पाणीच कमी पितो आणि काही द्रव पेशींमध्ये शिरतो. शेवट मात्र सारखाच. रक्तातला द्रव 10 ते 15 टक्क्यांनी घटतो, तोही पहिल्या काही दिवसांत.

मग अशक्तपणा पाणी कमी झाल्याचा की स्नायू रिकामे बसल्याचा? नासाच्या एम्स केंद्रातल्या जॉन ग्रीनलीफ यांनी पाण्याची तूट आणि अंथरुणावरची विश्रांती या दोन्हींवर अनेक वर्षं काम केलं. अशा अभ्यासांतून दिसतं ते असं: शरीराच्या वजनाच्या 3-4 टक्के पाणी गेलं, तर एका झटक्यात लावायची ताकद जेमतेम 2 टक्क्यांनी उतरते. जोराचं काम सतत करत राहण्याची क्षमता मात्र 10 टक्क्यांच्या आसपास घटते. म्हणजे मूठ एकदा आवळायला सांगितलं तर तहानलेला माणूसही जवळपास तेवढीच आवळेल. दमेल तो लवकर. उभं राहिल्यावर येणाऱ्या चकरेत पाण्याचा वाटा मोठा असतो, म्हणून स्पेस शटलचे अंतराळवीर उतरण्याआधी मिठाच्या गोळ्या घेऊन पाणी पीत.

स्नायूंचं दुखणं मिठाच्या पाण्यानं जात नाही. सर्वांत आधी झिजतात ते आपल्याला उभं धरणारे: पोटरीतला सोलियस आणि मांडीचे पुढचे स्नायू. हातांचं नुकसान त्या मानानं थोडं. शिवाय स्नायू जितका बारीक होतो त्याहून ताकद अधिक घटते, कारण मज्जातंतूंकडून येणारा हुकूमही मंदावतो. मला या सगळ्या संशोधनातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. नुसता मांडीचा घेर मोजून हे कळणार नाही. स्नायू टिकवायला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात 2008 पासून निर्वात सिलिंडरांच्या ओढीवर चालणारं व्यायामयंत्र आहे. रोजचे जवळपास दोन-अडीच तास व्यायामाला जातात. जुलै 2025 मध्ये परतलेल्या भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी तिथे स्नायूंच्या मूळपेशींवर प्रयोग केला, तो बंगळूरुच्या संशोधकांनी आखलेला होता.

1966 मध्ये डॅलसला विशीतले पाच तरुण तीन आठवडे अंथरुणावर राहिले. तीस वर्षांनी त्यांना पुन्हा तपासलं, तेव्हा त्या तीन आठवड्यांनी त्यांच्या दमाचं केलेलं नुकसान तीस वर्षांच्या वयापेक्षा मोठं निघालं. वृद्धांवरच्या एका प्रयोगाचा निकाल तर वाचवत नाही. ते आजारी नव्हते, पोटभर जेवत होते. तरी 10 दिवसांत त्यांच्या पायांतलं सुमारे एक किलो मांस गेलं. तरुणांचं इतकं 28 दिवस पडून राहूनही गेलं नव्हतं. आपल्याकडे सत्तरीतल्या आईला साधा ताप आला तरी आपण मायेनं म्हणतो, उठू नकोस, पडून राहा.