वेदनेला कातडीचा रंग नसतो

अमेरिकेत सिकलसेलचे सुमारे १ लाख रुग्ण आहेत आणि त्यांतील बहुसंख्य कृष्णवर्णीय आहेत. या आजारात तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही. मग हाडांत, छातीत, पाठीत असह्य कळ उठते. ही कळ एक्स-रेमध्ये दिसत नाही, रक्ताच्या अहवालातही तिचे माप नसते. रुग्ण सांगतो त्यावरच डॉक्टरांना विश्वास ठेवावा लागतो. नेमका हाच विश्वास कृष्णवर्णीय रुग्णाच्या वाट्याला कमी येतो.

तो ओरडला तर ‘आक्रमक’ ठरतो. गप्प बसला तर ‘फारसे दुखत नाही’ असे समजले जाते. आजवर कोणत्या औषधाने आराम पडला हे त्याने नेमके सांगितले, तर ‘नशेसाठी मागतोय’ असा संशय येतो. म्हणजे कसेही वागले तरी दोष त्याचाच!

ही समजूत आली कुठून?

तिचे मूळ गुलामगिरीत आहे. १८४० च्या दशकात अलाबामा राज्यात जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरने गुलाम स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रियेचे प्रयोग केले. अनार्का, बेट्सी आणि ल्युसी ही त्यांतील तिघींची नावे. एकट्या अनार्कावर सुमारे ३० शस्त्रक्रिया झाल्या. सिम्सचा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील पुतळा हटवायला २०१८ साल उजाडले.

१८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने पळून जाणाऱ्या गुलामांना ‘ड्रेपटोमेनिया’ नावाचा मनोविकार जडतो, असे लिहिले. कामात टाळाटाळ करणाऱ्यांसाठी त्याने दुसरा रोग शोधला. त्यात म्हणे त्वचा बधिर होते! त्यावर त्याने सुचवलेल्या उपायांत चाबकाचे फटकेही होते. स्वातंत्र्याची ओढ रोग ठरली आणि मारहाण उपचार ठरली.

हे जुने झाले, असे कुणी म्हणेल. पण २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २२२ श्वेतवर्णीय वैद्यकीय विद्यार्थी व निवासी डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध केली. कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते, यांसारख्या खोट्या समजुतींपैकी किमान एक समजूत जवळपास निम्म्या जणांना खरी वाटत होती. ज्यांना त्या खऱ्या वाटत होत्या, त्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाची वेदना कमी मानली आणि उपचारही कमी अचूक सुचवले.

रक्ताला वंश नसतो

सिकलसेल हा ‘काळ्यांचा आजार’ हेही खरे नाही. त्याचे जनुक एकाच पालकाकडून आले तर गंभीर मलेरियापासून बचाव होतो. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे ते टिकले. आफ्रिकेत, ग्रीसमध्ये, अरबस्तानात आणि भारतातही. विदर्भात आदिवासी बांधवांबरोबर आपल्या बौद्ध समाजातही हा आजार आहे.

अमेरिकेत याविरुद्ध रुग्णांचा समाजच उभा राहिला. १९६६ मध्ये ओकलंडला स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पार्टीने मोफत दवाखाने उघडले आणि १९७१ पासून सिकलसेल तपासणीची मोहीम चालवली. १९७२ मध्ये तेथे सिकलसेलसाठी कायदा झाला. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिने नाव घेतले ते याच पँथरांकडून. त्यांच्या दवाखान्यांची आठवणही आपण ठेवायला हवी.

आता अमेरिकेतील मार्गदर्शक सूचनाच सांगतात की, तीव्र कळ घेऊन आलेल्या सिकलसेल रुग्णाला १ तासाच्या आत वेदनाशामक मिळाले पाहिजे. हा नियम रुग्णाच्या शब्दाला मान देणारा आहे.

आपल्या घरात काय करावे?

• लग्नाआधी दोघांनीही रक्ततपासणी करावी. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.
• वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. त्यावरून कुणालाही, विशेषतः सुनेला, बोल लावू नये.
• रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, कडाक्याची थंडी व अतिश्रम टाळावेत.
• ताप, छातीत दुखणे, धाप लागणे किंवा अंगाची एक बाजू लुळी पडणे, यांपैकी काहीही झाले तर ताबडतोब इस्पितळ गाठावे. तपासणीचे कागद सोबत ठेवावेत.

आणि घरातले लेकरू ‘दुखतंय’ म्हणाले, तर ‘नाटक करतोस’ असे म्हणू नये. त्याचे आधी ऐकावे. उपचाराची सुरुवात तिथूनच होते, असे आम्हाला वाटते.