रबरबँडच्या पिशवीतून उभा राहिलेला धंदा

धंदा म्हटला की आपल्या घरांत पहिली गोष्ट भांडवलाची निघते. मुलगा शिकून मोकळा झाला, नोकरी मिळेना, की बाप म्हणतो, "दुकान टाकायला पागडी कुठून आणू?" आई म्हणते, "माझे दागिने मोडू नका." चार दिवस चर्चा होते. मग मुलगा एक तर बापाच्या गल्ल्यावर येऊन बसतो किंवा आखातात जाण्यासाठी पासपोर्ट काढतो. मी स्वतः तीस वर्षांहून अधिक काळ कापडाच्या धंद्यात आहे आणि मीही हेच बोलत आलो. परंतु भांडवल नसल्यामुळे जितके धंदे बुडाले, त्याहून जास्त धंदे "यात काय ठेवले आहे?" या एका वाक्याने सुरू होण्याआधीच बुडाले, असे आता वाटू लागले आहे. त्यातला एक बुडवण्याचा प्रयत्न मीही केला होता. ते पुढे सांगेन. आधी बेंगळुरूची हकिकत.

बेंगळुरूच्या थिप्पसंद्रा भागात केरळहून आलेल्या काही भावंडांचे किराणा दुकान होते. त्या मुलखात इडली-डोसा रोजचा. त्यासाठी तांदूळ आणि उडदाची डाळ भिजवायची, दगडी रगड्यावर वाटायची आणि रात्रभर आंबवायची. नवरा-बायको दोघे नोकरीला जाणारे असतील तर एवढा वेळ कोणाला आहे? म्हणून वाटलेले पीठ दुकानात विकायला येत असे. साधी प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्या तोंडाला रबरबँड. पीठ कुठे वाटले, कोणत्या पाण्याने वाटले, आजचे की परवाचे, काही पत्ता नाही. गिऱ्हाईक तक्रार करत असे. अशा वेळी दुकानदार काय करतो? आपण सगळे जे करतो तेच. "पुढच्या वेळी चांगले देतो" म्हणून वेळ मारून नेतो.

या भावंडांनी मात्र ती तक्रार नात्यातल्या पी. सी. मुस्तफा यांच्या कानावर घातली. मुस्तफा हे केरळच्या वायनाड जिल्ह्यातील चेन्नलोड गावचे. वडील मोलमजुरी करणारे, आई शाळेत गेलेली नाही. मुस्तफा सहावीत नापास झाले आणि शाळा सोडून वडिलांबरोबर मजुरीला जाऊ लागले. मॅथ्यू नावाच्या शिक्षकांनी समजूत घालून त्यांना परत वर्गात बसवले. पुढे हाच मुलगा कालिकतच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातून संगणकाचा अभियंता झाला, परदेशात गेला, दुबईत सिटी बँकेत नोकरीला लागला. आपल्याकडे इथेच गोष्ट संपते आणि लग्नाच्या बैठकी सुरू होतात. मुस्तफा मात्र नोकरी सोडून परत आले आणि बेंगळुरूच्या आयआयएममध्ये शिकू लागले. तेव्हा ते तिशीत होते.

२००५ साली त्यांनी आणि त्या भावंडांनी मिळून पिठाचा धंदा सुरू केला. जागा जेमतेम ५० चौरस फूट, म्हणजे आपल्या एखाद्या पानपट्टीएवढी. दोन ग्राइंडर, एक मिक्सर आणि पिशवी बंद करण्याचे मशीन. माल पोचवायला जुनी स्कूटर. इडली आणि डोसा या दोन शब्दांची इंग्रजी आद्याक्षरे घेऊन नाव ठेवले "आयडी". नव्या शोधाचे पेटंट नाही की परदेशी तंत्र नाही. तांदूळ, उडीद, मेथी आणि पाणी. फरक एवढाच की पाणी स्वच्छ, पिशवी सीलबंद, आणि पीठ टिकावे म्हणून त्यात कोणतेही रसायन घालायचे नाही.

इथे व्यापारी माणसाने थोडे थांबावे, कारण पुढची गोष्ट कल्पनेची नसून हिशेबाची आहे. त्यांनी ठरवले की आसपासच्या २० दुकानांत मिळून रोज १०० पाकिटे विकली गेली तरच आणखी पैसा घालायचा. ऐकायला हा आकडा किती लहान वाटतो! वीस दुकाने म्हणजे दुकानामागे पाच पाकिटे. पण या १०० पाकिटांपर्यंत पोचायला नऊ महिने लागले. सुरुवातीला तर ठेवलेल्या मालापैकी बहुतेक माल परत येई. दुकानदाराचा नियम आपल्याला ठाऊकच आहे: "ठेवून जा, खपले तर पैसे घेऊन जा."

कापडाचा परत आलेला तागा आपण घडी घालून कपाटात ठेवतो, पुढच्या ईदला काढतो. इडलीच्या पिठाचे तसे नाही. ते जिवंत असते. पिशवीत बंद केल्यावरही आंबतच राहते, त्यात वायू धरतो, पिशवी फुगते. दोन-चार दिवसांत ते विकले गेले पाहिजे, नाहीतर ते फेकावे लागते. म्हणजे या धंद्यात उधारीही आहे, परतीचा मालही आहे, आणि तो परतीचा माल शून्य किमतीचा. अशा धंद्यात नऊ महिने टिकून राहायला भांडवलापेक्षा सबुरी जास्त लागते. रोज कोणत्या दुकानात किती ठेवले, किती खपले, किती परत आले, याचा हिशेब ज्याच्याकडे आहे तोच उद्या किती वाटायचे हे ठरवू शकतो. आपल्यापैकी किती जणांच्या वहीत परतीच्या मालाचे पान वेगळे असते? माझ्या वहीत २०११ पर्यंत नव्हते.

शंभराचा आकडा गाठल्यावर त्यांनी शब्दाप्रमाणे आणखी पैसा घातला, मोठी जागा घेतली, ग्राइंडर वाढवले. २००८ मध्ये बेंगळुरूजवळ होसकोटे येथे कारखाना केला आणि पिठाबरोबर मलबारी पराठाही विकू लागले. २०१४ मध्ये बाहेरच्या गुंतवणूकदारांनी ३५ कोटी रुपये घातले. पुढे अझीम प्रेमजी यांची गुंतवणूक कंपनीही भागीदार झाली. आज मुंबई-पुण्यातल्या दुकानांतून आणि आखाती देशांतही हा माल मिळतो. हे आकडे मी भराभर सांगतो आहे, कारण एकदा गाडी रुळाला लागली की आकडे आपोआप वाढतात. शिकण्यासारखे जे आहे ते पहिल्या नऊ महिन्यांत आहे.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. सप्टेंबर २०२१ मध्ये व्हॉट्सअॅपवर एक मजकूर फिरू लागला की या पिठात जनावरांची हाडे घालतात आणि कंपनी फक्त मुसलमानांनाच कामावर ठेवते. असे बालंट आले तर त्याचा दणका कसा बसतो हे आपल्या व्यापाऱ्यांना समजावून सांगायला नको. कंपनीने काय केले? चिडून उलट बोलली नाही आणि गप्पही बसली नाही. माल पूर्ण शाकाहारी आहे, त्यात काय काय घालतो, हे जाहीर केले आणि पोलिसांच्या सायबर शाखेकडे तक्रार दिली. सोळा वर्षे पाकिटावर जे लिहिले होते तेच आत होते, म्हणून खुलासा सोपा झाला. त्यानंतर थोड्याच महिन्यांत, जानेवारी २०२२ मध्ये, कंपनीत ५०७ कोटी रुपयांची नवी गुंतवणूक आली. गिऱ्हाईकाचा भरवसा गोदामात दिसत नाही, पण असल्या दिवशी तोच माल कामाला येतो.

भरवशावरून आठवले. याच कंपनीने बेंगळुरूच्या निवासी इमारतींत विक्रेता नसलेली कपाटे ठेवली होती. कपाटात माल, शेजारी पैशांची पेटी. पाकीट घ्या, पैसे टाका. पाळतीला कॅमेरा नाही. आमच्या बाजारात हे सांगितले तर लोक हसतील. मीही हसलो होतो.

असे धंदे काही एकाच माणसाने केले आहेत असे नाही. तामिळनाडूच्या कडलूरमध्ये सी. के. रंगनाथन या तरुणाने १९८३ साली घरच्या धंद्यातून बाहेर पडून १५ हजार रुपयांवर शाम्पूची पुडी सुरू केली. बाटली घेण्याची ऐपत नसलेल्या माणसालाही एकदा डोके धुण्यापुरता शाम्पू परवडावा, ही मूळ कल्पना त्यांच्या वडिलांची. पोराने तिचा धंदा केला. रिकाम्या पुड्या परत आणा आणि एक भरलेली फुकट न्या, अशी योजना काढली. पुढे पुडीची किंमत ५० पैशांपर्यंत खाली आणली. अहमदाबादचे करसनभाई पटेल सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होते. १९६९ मध्ये घरी धुण्याची पावडर बनवून सायकलवरून दारोदार विकू लागले. नामवंत पावडर १३ रुपये किलो होती, यांची सुमारे ३ रुपये. "निरमा" नाव मुलीच्या नावावरून ठेवले. या दोघांनी नवी गरज निर्माण केली नाही. कपडे लोक आधीही धूत होते, डोकीही धूत होते. फक्त पैसे कमी असणाऱ्या गिऱ्हाईकाला त्यांनी गिऱ्हाईक मानले.

आता माझी गोष्ट.

मालेगावात आमचे साड्यांचे दुकान आहे. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. मराठी मी गल्ल्यावर बसून, खेड्यांतून येणाऱ्या गिऱ्हाइकांकडून शिकलो, तेव्हा लिहिण्यातली चूकभूल माफ असावी. २०११ च्या सुमारास माझा भाचा दुकानावर बसत होता. बी. कॉम. झालेला, स्वभावाने अबोल. एके दिवशी म्हणाला, "मामू, बाई आपल्याकडून साडी घेते आणि मग फॉल-पिकोसाठी दोन गल्ल्या फिरते. चार दिवस हेलपाटे घालते. फॉलचा रंग जुळत नाही, तर बोल आपल्याला लावते. आपणच फॉल-पिको करून दुसऱ्या दिवशी तयार साडी दिली तर?"

मी काय म्हणालो असेन? "आपण कापडवाले आहोत, शिंपी नाही. यात काय ठेवले आहे?" चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो. तो काही बोलला नाही. दोन महिन्यांनी त्याने दुकान सोडले. बहिणीने दोन बांगड्या मोडून दिल्या, त्यात पिकोच्या दोन जुन्या मशिनी आल्या आणि जिन्याखालची एक जागा मिळाली.

त्याने जे केले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. सुती फॉल तसाच साडीला लावला तर पहिल्या धुण्यात आटतो आणि साडीचा खालचा काठ चुण्या पडून गोळा होतो. घाईत काम करणारे ते पाहत नाहीत. त्याने घाऊक फॉल आणून रात्री पाण्यात भिजवून, सकाळी वाळवून, इस्त्री करून ठेवायला सुरुवात केली. रंगांचा तक्ता केला. मशीन पिकोपुरतेच. फॉलची तुरपाई हाताने, मोहल्ल्यातल्या बाया घरबसल्या करतात. साडीला चिठ्ठी लावून तो वेळ लिहून देई आणि त्या वेळेला साडी तयार असे. पहिले सहा-सात महिने दिवसाला पाच-सहा साड्या यायच्या, त्याही ओळखीच्या. भाडे निघत नव्हते. तुरपाईचे पैसे मात्र त्याने एकाही बाईचे दुसऱ्या दिवसावर ढकलले नाहीत. मधल्या काळात एकदा साडीवर इस्त्रीचा डाग पडला तर त्याने ती साडी भरून दिली. ती साडी आमच्याच दुकानातून रोख पैसे देऊन घेऊन गेला. मी पैसे घेतले. आज ते आठवले की बरे वाटत नाही.

मग लग्नसराई आली आणि बाजारातल्या दुसऱ्या साडीवाल्यांनी त्याच्याकडे गठ्ठे पाठवायला सुरुवात केली. त्या दुकानांच्या पाट्यांवर "फॉल-पिकोसह तयार साडी" असे दिसू लागले आणि आमची गिऱ्हाइके तिकडे वळू लागली. शेवटी मीच आमच्या माणसाकरवी चाळीस साड्यांचा गठ्ठा त्याच्याकडे पाठवला. त्याने इतरांना लावतो तोच दर लावला आणि वेळेवर माल दिला. २०२० च्या टाळेबंदीत लग्ने थांबली तेव्हा साड्या येणे बंद झाले. तेव्हा त्याने त्याच मशिनींवर मास्क शिवले. आज त्याच्याकडे सात मशिनी आहेत आणि अकरा घरांत त्याचे काम जाते. फार मोठा आकडा नाही. पण त्या अकरा घरांत दर शनिवारी पैसे पोचतात.

वाचक बंधूंपैकी जे माझ्यासारखे गल्ल्यावर बसतात त्यांनी एक करून पाहावे. आठवडाभर गिऱ्हाईक जी जी तक्रार करील ती वहीत लिहावी. मालाची नव्हे, गैरसोयीची. चप्पलवाल्याकडे येणारा एका पायाचा माप मोठा म्हणून परत जातो का? बेकरीवाल्याकडे मधुमेहाचा माणूस काय मागतो? हार्डवेअरवाल्याला चार स्क्रूसाठी पूर्ण पाकीट का विकावे लागते? मग ती वही घरातल्या तरुण मुलामुलींच्या हाती द्यावी. होय, मुलींच्याही. तुरपाईच्या बायांचा हिशेब आज भाच्याची मुलगीच ठेवते आणि तिच्या वहीत चूक सापडत नाही.

गेल्या महिन्यात माझा धाकटा मुलगा एक कल्पना घेऊन आला. खेड्यांतून येणाऱ्या बायका पुढच्या लग्नासाठी त्याच काठाची साडी मागतात आणि आम्हाला मागची साडी आठवत नाही. त्याला प्रत्येक विकलेल्या साडीचा फोटो आणि गिऱ्हाइकाच्या गावाचे नाव फोनमध्ये ठेवायचे आहे. माझ्या तोंडावर तेच वाक्य आले होते. गिळले. खिडकीजवळचे एक टेबल रिकामे करून दिले आणि सांगितले, नऊ महिने कर, रोजची वही मला दाखव. पहिल्या आठवड्यात अकरा फोटो झाले आहेत.