टपालात न पडलेली पत्रे

अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्यात एका मित्राने दुसऱ्यास पत्रे लिहिली. पण त्या काळी त्यांतील एकही टपालात पडले नाही. लिहिणारे मौलाना अबुल कलाम आझाद. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईस अटक होऊन ते सहकाऱ्यांसह येथे आले. मित्र म्हणजे अलीगढकडील नबाब हबीबुर्रहमान खान शेरवानी. वयाने वडील आणि ग्रंथांचे मोठे षोकी. स्नेह होता तो विद्येचा, राजकारणाचा नव्हे.

मित्रास पत्र धाडण्याची बंदिवानास मुभा नव्हती. तरीही मौलाना भल्या पहाटे उठत, चिनी चहा स्वतः करून घेत आणि लिहावयास बसत. दूध घातलेला चहा त्यांच्या लेखी चहाच नव्हे! (नगरकरांस हे पटणे कठीणच.) खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांशी प्रथम युद्ध व मग सख्य कसे झाले, हेही एका पत्रात आहे.

११ एप्रिल १९४३ चे पत्र मात्र निराळे. पत्नी झुलेखा बेगम दोन दिवसांपूर्वी कलकत्त्यास निवर्तल्या होत्या. आजार वाढला तेव्हा भेटीसाठी सरकारकडे विनंती करण्यास मौलानांनी नकार दिला होता. नित्यक्रम त्यांनी मोडला नाही. परंतु ती शांतता बरीचशी वरवरची होती, अशी कबुली ते मित्रापाशी देतात. आवारात कोणा अज्ञाताची एक जुनी कबर होती. तिच्याविषयी आता एक नवीच आपुलकी वाटू लागल्याचेही ते लिहितात.

१९४५ साली सुटका झाली आणि १९४६ साली ही पत्रे ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने छापली गेली. शेरवानींचा ग्रंथसंग्रह आज अलीगढ विद्यापीठात आहे. त्या ग्रंथालयाचे नाव मौलाना आझाद ग्रंथालय.