नवतपा, सावरीचा कापूस आणि एक जर्मन गाडी

सकाळी ६
माझ्या कार-एसी दुरुस्तीच्या गॅरेजचं शटर वर करतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात हीच वेळ काय ती कामाची. २३ मे २०१३ ला या शहरात ४७.९ अंश नोंदले गेले. त्या दिवसापासून नवतपा, म्हणजे मेअखेरचे रणरणते नऊ दिवस, लागला की मी पहाटेच येतो.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला इंजिन बंद ठेवूनच गेज लावतो. ३० अंशांना आर-१३४ए गॅसचा दाब ९७ पीएसआयच्या आसपास असतो. काटा तिथं दिसला म्हणून गॅस पुरेसा आहे असं मात्र नाही. आत द्रव शिल्लक असेपर्यंत काटा हलत नाही, मग गॅस पूर्ण असो की अर्धा. खरा हिशोब वजनाचा.

सकाळी ८
दोन गाड्यांचे केबिन फिल्टर बदलले. एकातून ओंजळभर धूळ निघाली.

सकाळी १०.३०
वर्धा रोडवरून एक लांबलचक जर्मन सेडान आली. ड्रायव्हरकाका घामाने निथळत होते. "भाऊ, हायवेवर गार लागते, सिग्नलवर थांबलो की गरम हवा फेकते. दोनदा गॅस भरला जी."

या एका वाक्यात अर्धं निदान आहे. गॅस केबिनमधली उष्णता उचलतो आणि पुढच्या कंडेन्सरमधून बाहेरच्या हवेत सोडतो. बाहेर ४५ अंश असतील, तर आतला गॅस साठ-पासष्टपर्यंत तापल्याशिवाय ती उष्णता बाहेर जातच नाही. पळत्या गाडीत वारा कंडेन्सरमधून आपोआप घुसतो. उभ्या गाडीत सगळी भिस्त पंख्यावर.

गेज लावून गाडी चालू केली. हाय साइड, म्हणजे जास्त दाबाची बाजू, ३७० पीएसआय! लगेच बंद केली. मशीनने गॅस काढून तोलला: १ किलो १२० ग्रॅम. बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलंय ८५०. जादा गॅस कंडेन्सरमध्ये द्रव होऊन साचतो, उष्णता सोडायची जागाच खातो. म्हणजे दोन्ही वेळा आजारच वाढवला होता. तो गॅस मी हवेत सोडत नाही. त्याचा एक किलो शंभर वर्षांत १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. ज्या उन्हाने आपण भाजतोय, त्यातच भर कशाला घालायची?

पण पहिल्यांदा कूलिंग का गेलं, हा प्रश्न राहिलाच.

दुपारी १
उन्हात राहिलेला पाना हातात धरवत नाही. अवजारं सावलीत, ओल्या पोत्याखाली. सगळ्यांना पन्हं.

बंपर काढायला तास गेला. उन्हाने क्लिपा कडक होतात, जोर लावला की तुटतात. त्यात सेन्सरच्या वायरी. महागड्या गाडीत पुढे कंडेन्सर, मागे रेडिएटर, मधे आणखी कूलर, सगळं एकमेकांना चिकटून. कंडेन्सर पुढून लख्ख होता. मी बॅटरीचा उजेड मागच्या फटीत टाकला आणि हाताखालच्या पोराला हाक मारली, "हे बघ."

सावरीचा कापूस. एप्रिल-मेमध्ये बोंडं फुटून उडतो तोच. धूळ आणि तेलकटपणा धरून त्याची करडी गादी झाली होती, बोटाने सोलता येईल इतकी जाड. पंखा बिचारा पूर्ण वेगाने फिरत होता, पण त्याला हवाच मिळत नव्हती.

दुपारी ४
कंडेन्सर गार झाल्यावर आतून बाहेरच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुतला. प्रेशर गन मारली तर पातळ पात्या आडव्या होतात. ओ-रिंगा नव्या. नायट्रोजन भरून गळती तपासली, नाही. चाळीस मिनिटं व्हॅक्यूम, मग वीस मिनिटं नुसतं काट्याकडे बघत बसलो. हलला नाही. मोजून ८५० ग्रॅम गॅस भरला.

संध्याकाळी ६.३०
एक हायब्रिड आली. तिचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्याला नेहमीचं पॅग तेल चालत नाही, इन्सुलेशन बिघडतं. म्हणून अशा गाड्यांसाठी नळ्या आणि मशीन वेगळं ठेवलंय. काम उद्या पहाटे.

रात्री ८
काकांना शेजारी बसवून सेडान घेऊन निघालो. सिग्नलला मुद्दाम जास्त वेळ थांबलो. बाहेर अजून ३९, एसीच्या जाळीतल्या थर्मामीटरवर ९. काकांनी हात जाळीसमोर धरला तो काढलाच नाही.

वाचणाऱ्यांना एवढीच विनंती: गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल तर तो गळलाय. "गॅस भरून द्या" म्हणू नका, "आधी तोला, गळती शोधा" म्हणा. आणि कापूस उडून झाला की एकदा कंडेन्सरच्या मागची फट उघडून धुऊन घ्या.