स्टीव्हन ॲडम्सचे मोल

रोटोरुआत जन्मलेल्या स्टीव्हन ॲडम्सची 2013 साली ओक्लाहोमा सिटी थंडरने बाराव्या क्रमांकावर निवड केली. तेव्हापासून न्यूझीलंडमधील बास्केटबॉलप्रेमींना तो घरचाच वाटतो. आम्हीही त्यास अपवाद नाही. परंतु प्रेम म्हणजे भक्ती नव्हे. आवडत्या खेळाडूचीही चिकित्सा व्हावयास हवी.

त्याच्या उणिवा उघड आहेत. कारकिर्दीत त्याचे जेमतेम निम्मे फ्री थ्रो यशस्वी ठरले आहेत. म्हणून अटीतटीच्या क्षणी प्रतिस्पर्धी त्याला मुद्दाम फाउल करतात. दुरून नेम साधणे हे त्याचे काम नव्हेच. गुडघ्याच्या दुखापतीत 2023-24चा संपूर्ण हंगाम गेला.

तरीही फेब्रुवारी 2024 मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सने व्हिक्टर ओलाडिपो आणि दुसऱ्या फेरीतील तीन निवड-हक्क देऊन या जायबंदी खेळाडूला आपल्याकडे घेतले. कारण स्वच्छ आहे. आपल्याच संघाचा नेम हुकला की चेंडू पुन्हा मिळवून देण्यात त्याच्या तोडीचे फार थोडे. 2021-22 मध्ये तो या कामात एनबीएत अव्वल होता. सहकाऱ्याला मोकळी जागा मिळावी म्हणून तो स्वतः भिंतीसारखा उभा राहतो, त्याची नोंद मात्र गुणफलकावर होत नाही.

2025 साली रॉकेट्सने त्याच्याशी तीन वर्षांचा नवा करार केला. तिशी ओलांडलेल्या, दुखापतग्रस्त खेळाडूला बाजारात मोठी किंमत येणार नाही. संघातील त्याचे मोल त्याहून कितीतरी अधिक आहे. म्हणून त्याची अदलाबदल करू नये, मात्र त्याला मोजकी मिनिटेच खेळवावे, असे आमचे मत आहे.