बाळाला ऐकू येते का?

लहान मुलाच्या कानाचा दोष डोळ्यांना दिसत नाही. मूल हसते, रांगते, खेळते. फक्त पाठीमागून हाक मारली तर वळून पाहत नाही. मग घरातली वडीलधारी मंडळी थाळी वाजवून पाहतात आणि मूल वळले की सारे निर्धास्त होतात. ही थाळीची परीक्षा फसवी आहे. मूल थाळी धरलेला हात पाहते, जमिनीचा थरथराट त्याला जाणवतो. शिवाय थाळीचा दणका ऐकणाऱ्या मुलाला आईचे बोलणे ऐकू येत असेलच असे नाही.

माझी मुलगी अपुऱ्या दिवसांची. जन्मल्यावर काही दिवस ती काचेच्या पेटीत होती आणि कावीळही बरीच वाढली होती. अशा मुलांचे, तसेच मेंदूज्वर होऊन गेलेल्या, गरोदरपणी आईला रुबेला झालेल्या किंवा घराण्यात जन्मजात बहिरेपण असलेल्या मुलांचे कान आवर्जून तपासावे लागतात. ती आठ महिन्यांची असताना मी बालरोगतज्ज्ञांना विचारले. "काही मुलं उशिरा बोलतात, वर्षभर थांबा," असे उत्तर मिळाले. दुसऱ्या तज्ज्ञांनी कानात बॅटरी मारून पडदा उत्तम असल्याचे सांगितले. पडदा उत्तमच होता! पण जन्मजात बहिरेपणाचा दोष बहुधा पडद्याच्या पुष्कळ आत, गोगलगाईच्या शंखासारख्या अंतर्कर्णात असतो. तिथपर्यंत बॅटरीचा उजेड पोहोचत नाही.

तिथे पोहोचणाऱ्या तपासण्या दोन. पहिली ओएई. कानात बारीक नळी ठेवून आवाज सोडतात आणि अंतर्कर्णातल्या केसपेशींकडून येणारा सूक्ष्म प्रतिध्वनी यंत्र टिपते. काही मिनिटांचे काम, दुखत नाही. दुसरी बेरा. कपाळावर आणि कानांमागे तारा चिकटवून आवाज देतात व श्रवणाची नस तो मेंदूच्या देठापर्यंत नेते की नाही, हे आलेखावर पाहतात. काही मुलांत केसपेशी ठीक पण नस नीट काम करीत नाही. त्यांची ओएई चांगली येते आणि दोष बेरातच उघड होतो. म्हणून काचेच्या पेटीत राहिलेल्या मुलाची बेरा व्हायला हवी, नुसत्या ओएईवर समाधान मानू नये.

बेरासाठी मूल गाढ झोपलेले लागते, आणि खरे खेटे इथून सुरू होतात. आम्हाला दोन महिन्यांनंतरची तारीख मिळाली. पहाटेची एसटी पकडून गेलो, केसपेपरच्या रांगेत दीड तास गेला, तोवर पोरीची झोप होऊन ती टक्क जागी. औषध दिले तरी झोपेना. "पुन्हा तारीख घ्या," म्हणाले, आणि ती दीड महिन्यांनंतरची निघाली. तारीख देतानाच मुलाला आदल्या रात्री उशिरा झोपवून पहाटे लवकर उठवा आणि वाटेत झोपू देऊ नका, एवढे सांगितले असते तर हा हेलपाटा वाचला असता. ते एका आयाबाईंनी सांगितले, जाता जाता. झोपेचे औषध मात्र घरी देऊ नये. ते रुग्णालयातच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचे असते.

इतकी घाई कशासाठी? वैद्यकशास्त्राचा दंडक असा की पहिल्या महिन्यात चाळणी-तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र किंवा अन्य उपचार सुरू व्हावेत. मेंदूचा भाषेचा भाग पहिल्या दोन-तीन वर्षांत आवाजावरच पोसला जातो. आमचे निदान चौदाव्या महिन्यात झाले. तारखा देणाऱ्याच्या वहीत या महिन्यांना किंमत नसते, याचा राग मला अजून येतो.

सरकारी सोय नाही असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, तोही आपल्याच राज्यातल्या पालघरहून. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. जन्मजात बहिरेपण त्यांच्या यादीत आहे. पथकाची चिठ्ठी घेऊन जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जावे. जिल्ह्यात बेराचे यंत्र नसेल, तर मुंबईला वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत सोय आहे. अपंगत्वाच्या सवलतींपैकी बऱ्याचशा २०१६ च्या कायद्याप्रमाणे किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला असल्याशिवाय मिळत नाहीत. त्याचा अर्ज संगणकावर भरावा लागतो. वैद्यकीय मंडळ कोणत्या वारी बसते हे आधी विचारून निघावे, नाहीतर दिवस फुकट जातो.

प्रत्येक टेबलावर तीच हकिकत पहिल्यापासून सांगावी लागते. म्हणून प्रसूतीचे व काचेच्या पेटीतले कार्ड, काविळीचे रिपोर्ट आणि बेराचा आलेख यांच्या प्रती एका फाइलीत तारखेवार लावाव्यात. मूळ कागद कुणाच्याही टेबलावर सोडू नयेत. आमचा एक आलेख असाच गहाळ झाला आणि पुन्हा तपासणी करा म्हणून सांगण्यात आले. मी झेरॉक्स पुढे केली तेव्हा काम झाले.

श्रवणयंत्र मिळाल्यावरही एक काम राहते. यंत्राचा कानात बसणारा साचा मुलाच्या मापाचा करतात, आणि मुलाचे कान भराभर वाढतात. साचा सैल झाला की यंत्र शिटी मारू लागते. अनेकांना यंत्र बिघडले असे वाटते आणि ते कपाटात जाते. पहिल्या वर्षांत दर काही महिन्यांनी नवा साचा करून घ्यावा लागतो. शिटी ऐकू आली की त्याच आठवड्यात जावे.