परिसरसंगीत आणि क्षेत्रध्वनिमुद्रण : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाद्यवृंदातील कीबोर्ड उभा राहतो. त्याच जातीच्या यंत्रांतून निघालेला एक संथ प्रवाह मात्र आपल्याकडे फारसा परिचित नाही. त्यास अ‍ॅम्बियंट संगीत म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘परिसरसंगीत’ ही संज्ञा योजली आहे. ब्रायन ईनो यांनी १९७८ मध्ये ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ या ध्वनिमुद्रिकेद्वारे हे नाव रूढ केले आणि १९८२ च्या ‘ऑन लँड’मध्ये यंत्रस्वरांसोबत बेडूक, कीटक व पक्षी यांचे मुद्रित आवाज विणले. अशा रचनेत ठेका किंवा मुखडा श्रोत्यास पुढे नेत नाही; एखाद्या ठिकाणी नुसते बसून राहावे तसा तो ऐकत राहतो.

जिल्ह्याशी जुळणारा धागा :
मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी अरणगावजवळील मेहेराबाद येथे मौन धारण केले व ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत पाळले. त्यांचे अनुयायी पीट टाउनशेंड यांनी १९७१ मध्ये रचलेल्या ‘बाबा ओ’रायली’ या गीताच्या नावात मेहेरबाबा आणि अमेरिकन संगीतकार टेरी रायली हे दोघेही आहेत. व्यक्तीची माहिती सिंथेसायझरला पुरवून तिचे संगीत करावे, अशी टाउनशेंड यांची कल्पना होती. प्रत्यक्ष मुद्रणात वाजला तो ऑर्गन. रायली यांची आवर्तने परिसरसंगीताच्या पूर्वसुरींत मोडतात. पुढे ते किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले. तंबोऱ्याचा अखंड षड्ज ज्याच्या कानात आहे, त्यास हे संगीत परके वाटू नये.

तथापि, त्या गीतात अरणगावचा वारा नाही. स्थळ ऐकवायचे तर क्षेत्रध्वनिमुद्रणाकडेच वळावे लागते.

निसर्गाचा आवाज कोणता?
बर्नी क्राउझ यांनी परिसरातील आवाजांचे भूध्वनी, जीवध्वनी व मानवध्वनी असे तीन वर्ग केले. वर्गीकरण सोयीचे आहे; पण अकोले तालुक्यातील रंधा धबधब्यापाशी ते अडखळते. प्रवरेवर वरच्या अंगाला भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. तेव्हापासून धबधब्याचा आवाज धरणातून सुटणाऱ्या पाण्यावर अवलंबून आहे. भूध्वनी खरा, परंतु त्याची चावी पाटबंधारे खात्याकडे! रचनाकाराने तो ‘शुद्ध निसर्ग’ म्हणून वापरला, तर श्रोत्याची दिशाभूल होते असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कर्जत तालुक्यातील रेहेकुरी काळवीट अभयारण्यात अडचण वेगळी. जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरच्या या माळावर चंडोलाचा आवाज विद्यार्थ्यांना भ्रमणध्वनीवर टिपता येईल, असे सहज वाटते. परंतु बोलणे स्पष्ट यावे म्हणून अनेक भ्रमणध्वनी पार्श्वभूमीचे आवाज आपोआप दाबतात. यंत्राच्या लेखी चंडोल हा गोंगाटच ठरतो. ही सोय बंद करावी, ध्वनिग्राहकावर वारारोधक आवरण घालावे आणि तारीख, वेळ, स्थळ लगेच नोंदवावे. रंध्यापाशी तर त्या दिवशीचा विसर्गही.